आधी शेवटची गाडी विचारावी

भटकंतीला बेत लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. दिवसभर मनाला येईल तसे हिंडून संध्याकाळी सातला एखाद्या आडगावच्या फाट्यावर पोचलेल्या माणसाला ‘गाडी मघाशीच गेली, आता सकाळची’ एवढे ऐकायला मिळाले की त्याची मोकळीक तिथेच संपते. म्हणून मुरलेले भटके कुठेही उतरले की दोन गोष्टी आधी विचारून घेतात: परतीची किंवा पुढची शेवटची गाडी किती वाजता, आणि रात्री पाठ टेकायला जागा कुठे. या दोन गाठी पक्क्या बांधल्या की मधला सगळा दिवस खुशाल सोडून देता येतो.

स्वतःच्या मुलखात हिंडण्याची गोडी ओळखीच्या गोष्टी थोड्याथोड्या बदलत जाताना पाहण्यात आहे. परदेशात सगळेच नवे असते, त्यामुळे बारीक फरक नजरेत भरत नाहीत. इथे मात्र भाकरीचेच पाहावे. कोकणात ती तांदळाची, सह्याद्रीच्या कुशीत नाचणीची, जुन्नर-नगरकडे थंडीत बाजरीची, सोलापुरात ज्वारीची आणि तीही कडक करून आठवडाभर टिकणारी, खानदेशात ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची. भाकरी थापणारे हात सगळीकडे सारखेच चालतात, पीठ तेवढे जमिनीप्रमाणे बदलते. न्याहारीचीही तीच गत. नागपूरकडे पोह्यांवर तर्री ओततात, लातूर-नांदेडकडे मुरमुऱ्यांचा सुशीला करतात, मालवणात घावन किंवा आंबोळीसोबत काळ्या वाटाण्याचे सांबार येते. बारा कोसांवर भाषा बदलते हे शाळेत पाठ झालेले असते. पण साताऱ्याकडचे ‘या पावणं’, मालवणीतले ‘खंय चाललास’ आणि वऱ्हाडातले ‘काहून’ एकाच आठवड्यात कानावर पडले की त्या म्हणीचा हिशेब लागतो. सोलापुरात तर एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते, आणि दुकानदार गिऱ्हाइकागणिक भाषा बदलतो.

भटकायला निघताना एखादे लहानसे निमित्त असावे. मराठी माणूस पूर्वीपासून निमित्तानेच हिंडला आहे: वारी, जत्रा, तीर्थ, बाजार, सोयरीक. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली मथुरेतल्या यज्ञाच्या दक्षिणेसाठी काकांबरोबर घराबाहेर पडले आणि उत्तरेतल्या बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ पुढे १९०७ मध्ये छापून निघाला. दक्षिणेचे निमित्त बाजूला पडले आणि वाट मोठी झाली. एवढी वादळी वाट कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण निमित्ताचे काम त्यातून कळते: ते घराबाहेर काढते, पुढे त्याच्याशी इमान राखलेच पाहिजे असे नाही.

अनेक घरांत असे निमित्त तयारच असते, ते म्हणजे कुलदैवत. मुंबई-पुण्यातली कुटुंबे वर्षा-दोन वर्षांनी भाड्याची गाडी करून तिथे जातात, ओटी भरतात आणि रात्रीपर्यंत परत फिरतात. त्याऐवजी एसटीने जाऊन त्याच तालुक्यात दोन दिवस जास्त काढले, तर ज्या मुलखातून आपले घराणे निघाले तो मुलूख तरी दिसतो. नदी हेही चांगले निमित्त. कृष्णेच्या काठाने उतरत गेल्यास महाबळेश्वरला उगम, वाईचे घाट, माहुलीला वेण्णेचा संगम, कराडला कोयनेचा, औदुंबर, सांगली आणि शेवटी पंचगंगा येऊन मिळते ती नरसोबाची वाडी असा क्रम लागतो. ही सगळी ठिकाणे एसटीने जोडलेली आहेत. कराडच्या प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि मग मिळून पूर्वेकडे वळतात. घाटावर अर्धा तास बसले तरच हे नीट कळते. मोटारीतून उतरून फोटो काढणाऱ्याला तिथे नुसते पाणी दिसते.

वाहन म्हणून एसटी अजूनही सगळ्यांत सोयीची. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेली. पुढे डांबरी सडक पोचली तिथे बहुधा एसटीही पोचली. नवख्याने गाडीच्या पाटीवरचे गाव वाचून थांबू नये, त्याखालचा ‘मार्गे’ वाचावा. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्या दोन वेगळ्या घाटांनी जातात, आणि भटक्याच्या दृष्टीने गावापेक्षा घाटच मोलाचा असतो. स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकावर मात्र फार विसंबू नये. रंग उडालेल्या त्या फलकावर बंद झालेल्या फेऱ्या वर्षानुवर्षे धावत असतात. चौकशीच्या खिडकीत कंट्रोलर बसलेला असतो, त्याला विचारावे; आणि त्याच्या उत्तराची खातरजमा फलाटावर पिशवी घेऊन बसलेल्या एखाद्या मावशीकडून करून घ्यावी. रोज जाणाऱ्या माणसाला गाडीची खरी वेळ ठाऊक असते.

ग्रामीण फेऱ्यांचे एक गणित समजून घेतले की अर्धा मनस्ताप वाचतो. या गाड्या गावकऱ्यांच्या सोयीने सुटतात. सकाळी गावाहून तालुक्याला यायचे आणि संध्याकाळी तालुक्याहून गावाला परतायचे, ही त्यांची दिशा. भटक्याची दिशा नेमकी उलटी: त्याला सकाळी गावाकडे जायचे असते आणि संध्याकाळी परत यायचे असते. त्यामुळे गाडी रिकामी मिळते, पण फेऱ्या कमी सापडतात आणि दुपारी बारा ते तीन स्टँड ओस पडतो. यावर उपाय दोन. एक म्हणजे पहाटेची, गावाकडे जाऊन मुलांना घेऊन परतणारी गाडी पकडायची. दुसरा उपाय मुक्कामी गाडीचा. ही गाडी संध्याकाळी उशिरा शेवटच्या गावी जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि उजाडता गाडी परत निघते. तिच्यात बसले की तालुक्याच्या बाजारातून परतणारे सारे गाव एकत्र भेटते: खताची पिशवी, औषधाची बाटली, नव्या दप्तराची पोरगी, आणि चढल्या चढल्या झोपणारा एक तरी म्हातारा. मात्र त्या गावी राहण्याची सोय आहे का, हे निघण्याआधी वाहकाला विचारून घ्यावे. वाहकाला ‘मास्तर’ म्हटले की उत्तर जरा लांब मिळते.

शाळांना सुट्टी लागली की शाळेच्या वेळच्या फेऱ्या बंद होतात. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे आणि गणपतीत कोकणाकडे वळवल्या जातात, तेव्हा इतर मार्गांवर गाड्यांची तंगी पडते. अशा दिवसांत वडापाचा आधार घ्यावा लागतो. हीच खासगी जीप काही भागांत काळीपिवळी म्हणून ओळखली जाते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ या शब्दाचा अर्थ चालकच ठरवतो.

तिकिटात सवलती बऱ्याच आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ असावे. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८ पासून मिळतो. त्याचे दर बदलत असल्याने ते आगारात विचारावेत. लांब पल्ल्याच्या प्रवासात पास स्वस्त पडतो यात शंका नाही, पण भटकंतीला तो थोडा घातकही ठरतो. हातात पास आला की तो वसूल करायची घाई सुटते आणि माणूस सात दिवस खिडकीला डोके टेकून जिल्हे मोजत राहतो. दिवसाला दोन तासांहून जास्त बसायचे नाही असे ठरवलेल्याने साधी तिकिटेच काढावीत.

पहिल्या खेपेला कोणता पट्टा घ्यावा, याचे एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यात मिळते. साताऱ्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग खेडमार्गे दापोली आणि दापोलीहून दाभोळ. बहमनी काळापासून दाभोळ हे मोठे बंदर होते; त्या वैभवाची खूण म्हणून धक्क्याजवळ जुनी घुमटाकार मशीद उभी आहे. खाडीच्या पलीकडे धोपावे. पूर्वी इथे माणसे तरीने पलीकडे जात, आता फेरीबोट आहे. तिला सारा परिसर ‘जंगलजेट्टी’ म्हणतो. पायी माणसाला ती फार थोड्या पैशांत पलीकडे नेते. बोटीत पुढे मोटारी, मागे दुचाक्या, कडेला मासळीच्या टोपल्या. कठड्याला टेकून वाशिष्ठीचे मुख पाहायला पंधराएक मिनिटे मिळतात. वीजप्रकल्पामुळे ‘दाभोळ’ हे नाव देशभर गाजले, पण तो प्रकल्प दाभोळात नाही, याच खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ आहे. नकाशावर न कळणाऱ्या अशा गोष्टी बोटीवर आपसूक कळतात.

धोपाव्याहून गुहागर, पुढे वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या खडकात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीच्या लाटा तिच्यात शिरून वर उसळतात. ओहोटीला मात्र तिथे पाहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून भरतीची वेळ आधी काढून जावे. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. घड्याळाच्या काट्यावर हे बसत नाही, पण दिवसाचा बेत करायला पुरते. बामणघळीजवळचे खडक शेवाळाने निसरडे असतात, भेगेच्या तोंडाशी जाऊ नये. कोकणात पोहायला उतरण्याआधीही गावकऱ्याला विचारावे. शांत दिसणाऱ्या पाण्याला ओहोटीच्या वेळी ओढ असते, आणि बाहेरगावचे लोक नेमके तिथेच फसतात.

हेदवीहून तवसाळला गेले की दुसरी जेट्टी शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला पोचवते. पुढे गणपतीपुळे आणि रत्नागिरी. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथेच नजरकैदेत ठेवले होते, त्याचा राजवाडा पाहता येतो. मग राजापूर, जिथल्या इंग्रजांच्या वखारीवर १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी छापा घातला. तिथली गंगा, म्हणजे अधूनमधून प्रकटणारे झरे, वेळापत्रक पाळत नाही. ती ‘आली’ आहे का, हे स्टँडवर उतरताच कुणीही सांगते. परत वर चढायला अणुस्कुरा घाट आहे, किंवा वैभववाडीहून करूळ अथवा भुईबावडा घाटाने गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठता येते. एका घाटाने उतरून दुसऱ्याने चढायचे, हा सह्याद्रीतल्या भटकंतीचा जुना आणि उत्तम नियम. हा सारा फेरा सात-आठ दिवसांत आरामात होतो. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतात, समुद्र खवळला की जेट्टीही थांबते आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. गणपती उलटल्यावर, भात पिवळे पडू लागले की निघावे. त्या वेळी मुलूख हिरवा असतो आणि गर्दी मुंबईला परतलेली असते.

किनाऱ्याची भुरळ अनेकांना आतल्या मुलखाकडे फिरकू देत नाही. हे नुकसानीचे आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरा कुंभारांचे गाव; समाधीच्या दर्शनाला येणारे बरेच जण तेवढे करूनच परततात. हेच गाव ‘तगर’ या नावाने रोमन काळातल्या व्यापारात प्रसिद्ध होते. इथे विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर आहे आणि गावातल्या शासकीय संग्रहालयात मातीतून निघालेले मणी, मूर्ती आणि भांडी मांडली आहेत. तेर, नळदुर्ग आणि परंडा हे तिन्ही मिळून तीन दिवस सहज घेतात. नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाऊस चांगला झाला तरच दिसतात. एरवी कोरडा बंधारा पाहावा लागतो. विदर्भाकडे दिवाळीनंतर ते माघापर्यंत जावे. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या दिवसांत तिकडे भटकणे शहाणपणाचे नाही. वैनगंगेकाठी मार्कंडाची देवळे आहेत, बुलढाण्यात लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आहे; दोन्हीकडे सकाळी लवकर पोचावे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे विसरून दारातून परतणारे लोक दर आठवड्याला दिसतात.

मुक्कामासाठी तीर्थस्थानांचे भक्तनिवास सर्वांत स्वस्त पडतात. शेगावचे तर स्वच्छतेसाठी नावाजलेले आहेत. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, तेव्हा आधी फोन करावा. कोकणात रस्त्याकडेला ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतात. तिथे पोचल्यावर जेवण मागू नये. दोन-तीन तास आधी सांगितले तर घरात चूल त्या हिशेबाने पेटते. शासकीय विश्रामगृहावर भरवसा ठेवू नये, कारण साहेब आले की आधीची खोलीही सोडावी लागते. लॉज घ्यायचा तर स्टँडच्या अगदी समोरचा टाळून एक गल्ली आत बघावा, नाहीतर पहाटे चारपासून गाड्यांच्या घोषणा उशाशी ऐकत पडावे लागते. मूळ ओळखपत्र सगळीकडे मागतात.

एकट्या बाईने अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचावे आणि शक्यतो तालुक्याच्या गावी राहावे. जेवायला जिथे कुटुंबे बसलेली दिसतात ती खानावळ निवडावी. गाडीत वाहकाच्या जवळची जागा घेतली तर उतरायचे ठिकाण चुकत नाही. बायकांच्या घोळक्यात बसून ‘कुठून आलीस, कुणाच्यात आलीस’ या प्रश्नांना उत्तरे देत गेले, तर पुढच्या गावातला एखादा भरवशाचा पत्ता बहुधा गाडीतच मिळून जातो.

गावात अंतर विचारताना सावध असावे. ‘हे काय, इथंच’ म्हणजे बहुधा तासभराची चाल. ‘कासराभर’ म्हणजे खरेच जवळ. रोज चालणाऱ्या माणसाचे माप घड्याळात बसत नाही, म्हणून ‘चालत किती वेळ लागेल’ यापेक्षा ‘ऊन व्हायच्या आत पोचेन का’ असे विचारल्यास उत्तर पक्के मिळते. गाव पाहायला आठवडी बाजाराचा दिवस उत्तम. तो कोणत्या वारी, हे आदल्या मुक्कामी विचारून त्याप्रमाणे क्रम पुढेमागे करावा. बाजारात सकाळी दहाच्या आत जावे. भाजी पाहायची असो वा माणसे, दोन्ही तेव्हाच ताजी असतात.

पैसे मोबाईलवरून सगळीकडे देता येतात, घाटात रेंज जाते तेव्हा सोडून. दहा-वीसच्या नोटा खिशात असाव्यात. सुट्ट्यांवरून वाहकाशी वाद घालण्यात हशील नाही. त्याने उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले, तर उतरताना ते मागायचे लक्षात ठेवावे. सामान मांडीवर मावेल एवढेच: दोन जोड कपडे, पंचा, पाण्याची बाटली, विजेरी, नेहमीची औषधे, थोडी शेंगदाण्याची चटणी. चटणी असली की कुठल्याही गावात भाकरी मिळवून जेवण उभे करता येते. देवळात, घराच्या अंगणात किंवा माणसांचा फोटो काढण्याआधी विचारावे. फोटो पाठवतो असे सांगितले असेल तर तो पाठवावा. गावे हे लक्षात ठेवतात.

परतीची तारीख शक्यतो रविवारी ठेवू नये. रविवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी भरलेली असते आणि घाटांत तास-तास वाहने उभी राहतात. मंगळवार-बुधवार बरा. साऱ्या भटकंतीत आरक्षण करायचेच असेल तर या एका तिकिटाचे करावे, आणि तेही ज्या मोठ्या गावाहून परतायचे तिथे पोचल्यावर, स्टँडवर उतरताच, सामान खाली ठेवण्याआधी.